ताण

तोंड धुताना बाप पडला.
न्हाणीत, सकाळी, घसरायला काही नसताना.
ओंजळ डोळ्यांवर गेली
आणि खालची फरशी, तो सांगतो,
"कोनं तरी वढूनच नेली वं."

आर्वीच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण
माझ्याहून लहान.
पावलं जुळवा, म्हणाली. सरळ उभे राहा. आता डोळे मिटा.
एकोणतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस,
तुळशीराम कडू, वायरमन,
सपाट जमिनीवर पऱ्हाटीसारखा हलला.
तिनं आधीच हात पसरून ठेवले होते.

मग एक लोखंडी चिमटा टेबलावर वाजवून
तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.
"थरथर लागते का, काका?"
"कायची?"
मला तो दारापाशी ऐकू येत होता.

हाच बाप डीपीजवळ चपला काढून उभा राहायचा.
तळपायानं ऐकायचा.
"लोड वाढला. मोटारी बंद करा रे पोट्टेहो."
साखरेनं त्याची एकेक तार काढून नेली,
अंगठ्यापासून सुरू करून,
चोर ॲल्युमिनियम नेतात तशी,
रात्री, बिनआवाज.

डॉक्टरीण म्हणाली, उभं राहायला तिघं लागतात.
डोळे.
कानाच्या आत, खोल, पाणी भरलेल्या बारीक नळ्या.
आणि पाय, जे खालची बातमी वर पाठवतात.
काकांच्या पायांची बातमी येत नाही.
ते डोळ्यांवर उभे आहेत.

बाप हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.
"म्हनजे थ्री फेजच हाय म्हना.
एक फेज उडाला.
दोनवर मोटार घरघर करते बाई, अन् मंग जळते."

घरी येताना वाटेतला खांब त्यानं दाखवला,
धुऱ्यात गाडलेला, कलता,
एका बाजूनं तारेचा ताण दिलेला.
"याले ताण हाय, म्हून उभा हाय.
मानसाले कुठी ताण असते?"

संध्याकाळी अंगणात, कोणी नाही बघून,
मी पावलं जुळवली, डोळे मिटले.
वाटलं होतं, आता काही नसेल.
पण खाली नुसती धावपळ.
पोटरी ओढते. सोडते.
मी तिळाएवढी पुढे पडते,
बोटं माती दाबतात,
मागे येते, जरा जास्तच मागे,
टाच सावरते.
रेशनच्या रांगेत, नळावर डोक्यावर गुंड घेऊन,
शाळेत पाढे चुकले म्हणून बाहेर, उन्हात,
मी उभी होते म्हणत आले.
एकदाही उभी नव्हते.
सारखी पडत होते, आणि कोणीतरी पडू देत नव्हतं,
आणि त्या कोणाला मी कधी
पाणीसुद्धा विचारलं नाही.

नऊला लाइन गेली.
सारं गाव एकदम ओरडलं, नेहमीसारखं.
खाटेची करकर आली.
सवयीनं उठला होता तो,
झुला, पक्कड, टेस्टर शोधायला,
सहा वर्षांपूर्वीच ऑफिसात जमा केलेले.
"हलू नको बाबा!"

काड्याची पेटी सापडेना.
मी चाचपत गेले तर
तो दाराशी उभा. खरंच उभा.
चौकटीला एक बोट लावलेलं.
धरलं नव्हतं, भार नव्हता,
नुसतं टेकवलेलं, दुधाची साय बघावी तसं.
"एवढं पुरते," तो म्हणाला. "अर्थिंग."

मी बाजूला थांबले.
लांब डीपीकडे बॅटरीचा उजेड हलला,
वर सरकला.
"कोन चढलं हाय?"
त्या नव्या पोट्ट्याचं नाव मला आठवेना.
"जा वं, पाहून ये," तो म्हणाला,
बोट न काढता,
"त्याच्या चपला ओल्या त नाही."